जुने भयपट घरी कसे बघावेत: प्रत, वेग, काळोख, आवाज आणि क्रम

'नोस्फेराटू' हा जुना जर्मन मूकपट बघितला पण भीती काही वाटली नाही, असं कुणी म्हणालं की आधी एवढंच विचारावं: बघितलेला सिनेमा किती मिनिटांचा होता? तो सव्वा तासाच्या आतच संपला असेल, पडद्यावरची माणसं तुरुतुरु पळत असतील आणि रक्तपिपासू सरदार भर दुपारी शवपेटी काखोटीला मारून गावातून हिंडताना दिसला असेल, तर दिग्दर्शक मुर्नाऊचा सिनेमा बघितलाच गेला नाही. बघितली ती चुकीच्या वेगाची, रंग उडालेली नक्कल.

जुन्या भयपटांबद्दलची बरीच मतं अशीच बनलेली असतात. खराब प्रत, दिवाणखान्यातला लख्ख उजेड, डोक्यावर फिरणारा पंखा, हातात फोन आणि मग निर्णय: 'त्या काळच्या लोकांना घाबरायला एवढंसं पुरत असेल.' माझं मत नेमकं उलट आहे. साधारण १९२० ते १९६८ या काळातले उत्तम भयपट आजही घाबरवतात, पण त्यांची भीती नाजूक गोष्टींवर उभी आहे: सावलीतला खराखुरा काळा रंग, शांतता, चौकटीच्या कडेला उभं असलेलं काहीतरी आणि लांबवलेला एखादा क्षण. नवा टीव्ही घरी येतो तो या चारही गोष्टी बिघडवणारी सेटिंग घेऊनच. म्हणून आधी तयारी करायची, मग सिनेमा बघायचा आणि मत सगळ्यात शेवटी बनवायचं.

प्रत निवडणं: अर्धी लढाई इथेच

एकाच सिनेमाच्या इतक्या वेगवेगळ्या प्रती फिरत असतात की नुसतं नाव बघून 'प्ले' दाबण्यात अर्थ नाही. कारणं प्रत्येक सिनेमाची वेगळी आहेत आणि ती माहीत असली की चांगली प्रत दोन मिनिटांत ओळखता येते.

'नोस्फेराटू' (१९२२) प्राना फिल्म या जर्मन कंपनीने ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'चे हक्क न घेताच काढला. स्टोकरची पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती वाचल्या, पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कापाकापीनंतर. म्हणूनच आज त्याच्या डझनावारी आवृत्त्या दिसतात. तुम्हाला हवी ती जर्मनीतल्या मुर्नाऊ फाउंडेशनने २००५-०६ मध्ये सिद्ध केलेली, सुमारे ९४ मिनिटांची, रंगछटा असलेली आणि हान्स एर्डमानच्या मूळ संगीताची पुनर्रचना वापरणारी प्रत.

रंगछटा इतक्या महत्त्वाच्या का? रात्रीची बाहेरची दृश्यं त्या काळी दिवसाउजेडीच चित्रित करत आणि मग फिल्म निळ्या रंगात बुडवत. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याचा किंवा घरातला उजेड, हे प्रेक्षकाला ठाऊक असे. ती फिल्म पुढे साध्या कृष्णधवल प्रतीवर उतरवली की निळा जातो आणि रात्रीची दुपार होते. सूर्यप्रकाशाने मरणारा प्राणी उन्हात फिरताना दिसला तर कथेचा कणाच मोडतो. तेव्हा 'नोस्फेराटू'ची निव्वळ कृष्णधवल प्रत समोर आली तर ती बाजूला ठेवा.

'कॅलिगरी' ('द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी', १९२०) मध्ये अडचण वेगळी. हेर्मान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर र्‍योरिग या सेट उभारणाऱ्या चित्रकारांनी सावल्या आणि प्रकाशाचे झोत थेट पडद्यांवर आणि जमिनीवर रंगवले होते. जुन्या धुरकट प्रतींमध्ये पांढरं जळून जातं आणि रंगवलेल्या रेषाच नाहीशा होतात, उरतो तो एक वाकडातिकडा स्वस्त सेट. २०१४ ची जीर्णोद्धार केलेली प्रत घ्या. खूण अशी की तिच्यातल्या मजकुराच्या पाट्यासुद्धा टोकदार, वेड्यावाकड्या अक्षरांत आहेत. साध्या छापील अक्षरांत पाट्या दिसल्या तर ती दुसरीच प्रत समजा.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) ची गोष्ट चटका लावणारी आहे. सिनेमाचं नाव ऐनवेळी बदललं, नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ घालायची राहिली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला. ज्याच्या हाती जी प्रत लागली ती त्याने विकली. त्यामुळे हा सिनेमा फुकट सगळीकडे मिळतो, पण बहुतेक ठिकाणी माती झालेला. २०१६ मध्ये मूळ निगेटिव्हवरून दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला. सुरुवातीच्या दफनभूमीच्या दृश्यात गवताची पाती आणि झाडांची पानं सुटी सुटी दिसली तर प्रत चांगली. सगळं मिळून एक करडा लगदा दिसत असेल तर बंद करा. रंग भरलेल्या आवृत्त्याही फिरतात. त्या अजिबात बघू नका. या सिनेमाची ताकद बातम्यांच्या फिल्मसारख्या रखरखीत काळ्या-पांढऱ्यात आहे.

'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) मध्ये एकच जागा तपासायची. तळ्याकाठी लहान मुलगी राक्षसाबरोबर पाण्यात फुलं सोडत असते. फुलं संपतात, तो तिच्याकडे हात पुढे करतो आणि तिथेच दृश्य तुटलं तर ती सेन्सॉरने कापलेली प्रत. मूळ दृश्यात तो तिला फुलासारखी तरंगेल अशा समजुतीने पाण्यात टाकतो आणि ती बुडते तेव्हा घाबरून पळतो. कापल्यावर काय झालं? पुढे बाप मुलीचं प्रेत हातांवर घेऊन गावात येतो तेव्हा प्रेक्षकाच्या मनात त्याहून कितीतरी घाण शंका येते आणि निरागस राक्षस हैवान ठरतो. हा तुकडा १९८० च्या दशकात परत जोडला गेला. पूर्ण प्रत ७० मिनिटांच्या आसपास भरते.

'फँटम ऑफ द ऑपेरा' सहसा '१९२५' असं लिहून मिळतो, पण त्याच्या सर्वांत स्वच्छ दिसणाऱ्या प्रती १९२९ च्या बदललेल्या आवृत्तीवरून आल्या आहेत. दोन्हींत फँटम झालेल्या लॉन चॅनीचा चेहरा उघडा पडतो तो क्षण आहेच, तेव्हा पहिल्यांदा बघताना स्वच्छ प्रत घ्यावी. त्यातलं मुखवट्यांच्या नृत्याचं दृश्य सुरुवातीच्या दोनरंगी टेक्निकलरमध्ये आहे. तिथे अचानक लाल रंग उमटला तर तो बिघाड नव्हे.

हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या १९५८ च्या 'ड्रॅक्युला'मध्ये शेवटचं दृश्य सेन्सॉरने छाटलं होतं. जपानमध्ये सापडलेल्या रिळांवरून ते पुढे जोडलं. नव्या ब्लू-रे प्रतीत उन्हाच्या झोतात ड्रॅक्युला झालेला ख्रिस्तोफर ली स्वतःच्या चेहऱ्याची कातडी ओरबाडतो. ते दिसलं की प्रत पूर्ण.

वेगाचं गणित

मूकपटांचे कॅमेरे हाताने फिरवत. सेकंदाला १६ ते २२ चित्रं असा वेग हातागणिक बदलायचा. बोलपट आल्यावर वेग २४ ला पक्का झाला. जुना मूकपट २४ ने चालवला की माणसं पळायला लागतात आणि भयपटात पळापळ दिसली की हसू येतं.

तपासणी सोपी आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण साडेबावन्न चित्रं मावतात. 'नोस्फेराटू'ची मूळ लांबी १९६७ मीटर, म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार चित्रं. सेकंदाला १८ ने ती ९५ मिनिटं चालतात, २४ ने ७२. समोरच्या प्रतीचा वेळ ७२ किंवा त्याहून कमी असेल, तर वेग चुकलाय, रीळ कापलंय किंवा दोन्ही.

चांगली प्रत मिळालीच नाही तर इलाज हातात आहे. यूट्यूबवर वेग ०.७५ करा. २४ चे नेमके १८ होतात. माणसं आता फारच जड चालतायत असं वाटलं तर ०.८५ करून बघा, म्हणजे २० च्या आसपास. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये चौकोनी कंसाच्या कळांनी वेग कमी-जास्त होतो. पट्टी एकच ठेवायची: माणूस जिना चढतो, दार उघडतो, टोपी काढतो ती हालचाल नैसर्गिक दिसली पाहिजे. वेग कमी केल्यावर जोडलेलं संगीतही रेंगाळून बिघडतं, म्हणून ते म्यूट करून वेगळं काहीतरी लावा: ठेका नसलेलं, संथ, एकट्या वाद्याचं. ढोल-गिटारचं आधुनिक संगीत चिकटवलेल्या प्रती टाळा. ते संगीत प्रत्येक चित्राला धक्का देत राहतं आणि 'नोस्फेराटू'तल्या रक्तपिपासू माक्स श्रेकचं नुसतं दारात उभं राहणं वाया जातं. मात्र जीर्णोद्धार झालेल्या प्रतींचा वेग आधीच दुरुस्त केलेला असतो, त्याला हात लावू नका.

बोलपटांत एक बारीक फरक राहतो. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी सेकंदाला २५ ने चालतात. त्यामुळे १०९ मिनिटांचा 'सायको' १०५ मिनिटांच्या आत संपतो आणि आवाज जरा चढा येतो. सिनेमा त्याने मोडत नाही, पण पर्याय असेल तर २४ ची प्रत घ्या.

टीव्हीची सेटिंग

हे काम एकदा केलं की पुढे वर्षभर बघायला नको. सिनेमा सुरू करण्याआधी, खोलीत काळोख करून, या क्रमाने करा.

पहिल्यांदा पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. 'व्हिव्हिड' आणि 'डायनॅमिक' दुकानातल्या ट्यूबलाइटखाली गिऱ्हाईक खेचण्यासाठी असतात. मग हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद करा. एलजीवर ती 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो', सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी' या नावाने सापडेल. ती चालू राहिली तर दोन चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतःची चित्रं बनवून घालतो आणि १९३१ चा सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसतो. भयपटाचं सर्वाधिक नुकसान हीच सोय करते.

'नॉइज रिडक्शन' बंद. फिल्मचा दाणा हा कचरा नाही. तो पुसला की चेहरे मेणाचे होतात. 'शार्पनेस' शून्यावर किंवा मधल्या तटस्थ आकड्यावर ठेवा, नाहीतर काळ्या आकृतीभोवती पांढरी कड उमटते आणि सावलीतून हळूच बाहेर येणारा माणूस कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. रंगाचं तापमान 'वॉर्म' करा, 'कूल'मध्ये कृष्णधवल चित्र निळसर पडतं. कृष्णधवल बोलपटात हिरवट किंवा जांभळट झाक दिसली तर 'कलर' शून्यावर आणा, मात्र रंगछटांच्या मूकपटाआधी तो परत जागेवर आणायला विसरू नका. खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र मंद करणारी 'एनर्जी सेव्हिंग' सोयही बंद हवी. काळोख्या प्रसंगात ती आपोआप चित्र आणखी मारते.

आता काळा रंग. जुन्या सिनेमाचं चित्र टीव्हीच्या मधोमध येतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ब्राइटनेस वाढवा, पट्टे करडे दिसू लागतील. मग एकेक पायरी खाली आणत जा. पट्टे जिथे पुरते काळे होतील तिथे थांबा. एखाद्या प्रसंगात काळ्या कोटाच्या घड्या आणि बाह्या दिसतायत का बघा. कोट म्हणजे नुसता काळा डाग झाला असेल तर एक पायरी वर. खूप खाली नेलं तर सावलीत लपलेलं काही दिसत नाही आणि खूप वर नेलं तर लपायला जागाच उरत नाही.

बाजूचे काळे पट्टे घालवण्यासाठी चित्र ताणू किंवा झूम करू नका. १९५३ च्या आधीचे जवळपास सगळे सिनेमे उंचीच्या १.३३ किंवा १.३७ पट रुंदी या प्रमाणात आहेत. आजच्या टीव्हीच्या रुंदीचा जेमतेम पाऊण भाग ते व्यापतात. दिग्दर्शक ड्रायरच्या 'व्हँपायर'चं (१९३२) प्रमाण तर १.१९, म्हणजे जवळजवळ चौकोनच. उलट 'द इनोसंट्स' (१९६१) २.३५ चा, लांबट. त्याचं चित्र टीव्हीभर पसरवलं की बाजूचा जवळपास पाव भाग कापला जातो आणि या सिनेमाची भुतं बाजूलाच उभी असतात. मेनूत 'जस्ट स्कॅन', 'फुल पिक्सेल' किंवा 'स्क्रीन फिट' अशी सोय असेल तर ती चालू करा, म्हणजे कडा चोरल्या जाणार नाहीत.

खोली, अंतर, पंखा

४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर. जुना सिनेमा त्यावर साधारण ७१ सेंटिमीटर रुंदच दिसतो. तीन मीटरवरच्या सोफ्यावरून तो टपाल तिकिटाएवढा वाटतो. खुर्ची पुढे ओढा. चित्राच्या उंचीच्या तिप्पट अंतर, म्हणजे इथे १ मीटर ६० सेंटिमीटर, हे चांगलं माप आहे.

खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत असेल तर खिडकीच्या पडद्यावर जाड चादर टाका. डोळ्यांना त्रास होत असेल तर टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद पांढरा दिवा चालेल. समोर किंवा वर मात्र काहीच नको. प्रोजेक्टर वापरणाऱ्यांनी मोठ्या चित्राचा मोह आवरावा. स्वस्त प्रोजेक्टरचा काळा मुळात करडा असतो आणि चित्र जितकं मोठं कराल तितकं ते आणखी फिकं पडतं.

पंखा हा आपल्याकडचा खरा शत्रू. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'त सुरुवातीच्या नामावलीला चायकोव्हस्कीचं संगीत आहे, नाट्यगृहाच्या प्रसंगात थोडं संगीत आहे आणि बाकी जवळजवळ काहीच नाही. ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी जिन्यावर उभा राहतो आणि बोलण्याआधी थांबतो. ती शांतता पंख्याच्या घरघरीत बुडाली की उरतं नुसतं हळू बोलणारं नाटक. उन्हाळ्यात खोली आधी गार करून घ्या आणि सिनेमाच्या वेळी पंखा सगळ्यात कमी वेगावर ठेवा. पावसाळ्यात पत्र्यावर सरी वाजत असतील तर त्या रात्री शांततेवर चालणारा सिनेमा घेऊ नका. जेम्स बर्नार्डच्या दणदणीत संगीताचा हॅमरचा 'ड्रॅक्युला' लावा, तो पावसाला पुरून उरतो.

आवाज

या काळातले बहुतेक सिनेमे मोनो, म्हणजे एकाच वाटेने येणाऱ्या आवाजाचे आहेत. डिस्कच्या मेनूत '५.१' आणि 'मूळ मोनो' असे दोन पर्याय दिसले तर मोनो निवडा. फोडून चार बाजूंना पसरवलेला आवाज चित्रापासून सुटतो. 'ड्रॅक्युला'च्या काही डिस्कवर संगीतकार फिलिप ग्लासचं १९९० च्या दशकाच्या अखेरीचं संगीतही असतं. ते चांगलं आहे, पण दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवा.

टीव्हीतला 'सराउंड' बंद करा आणि 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' तर नक्कीच बंद करा. हा मोड हळू आवाज वर उचलतो आणि मोठा आवाज दाबतो. 'कॅट पीपल' (१९४२) मधला बसचा प्रसंग त्याने ठार होतो. ॲलिस रात्री उद्यानाच्या भिंतीकडेने चालत असते. तिच्या टाचांचा आवाज, मागे दुसऱ्या टाचांचा आवाज. मग मागचा आवाज थांबतो. ती वळून बघते, कुणीच नाही, चाल वाढवते आणि एकदम गुरगुरल्यासारखा फुस्स आवाज होतो: समोर येऊन थांबलेली बस. भयपटांतल्या फसव्या दचक्यांची ही गंगोत्री. धंद्यात त्याला निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावाने 'ल्यूटन बस' म्हणतात. हळू टाचा आणि मोठी बस यांच्यातलं अंतर हाच सगळा प्रसंग आहे, तेव्हा ते सपाट करू नका.

पहिल्या पाच मिनिटांत साधं संभाषण स्पष्ट कळेल इतका आवाज लावा आणि रिमोट दूर ठेवा. जुन्या ध्वनिपट्टीची सूंऽऽ अशी खरखर टोचत असेल तर ट्रेबल किंचित उतरवा. पुसायला जाऊ नका, खरखरीबरोबर श्वास आणि कापडाची सळसळही जाते.

घरात इंग्रजी पाट्या न वाचणारं कुणी असेल तर मूकपट ही उत्तम सोय आहे. एकाने पाट्या मोठ्याने मराठीत वाचायच्या. आवाज झाकला जाण्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडच्या मूकपटांनाही दोन-तीन भाषांत पाट्या असायच्या, तेव्हा ही पद्धत काही परकी नाही.

कोणत्या क्रमाने बघावं

सालवारीने बघू नका. १९२० पासून सुरुवात केली की पहिले तीन सिनेमे मूकपट येतात आणि डोळे सरावायच्या आधीच माणूस सोडून देतो.

सुरुवात 'कॅट पीपल'ने करा. ७३ मिनिटं, साधी गोष्ट, आणि न दाखवता घाबरवणं म्हणजे काय ते एका बैठकीत कळतं. ल्यूटनकडे पैसे कमी होते. दिग्दर्शक जाक तूर्नरने प्राणी सावलीत ठेवला आणि काम प्रेक्षकाच्या डोक्यावर सोपवलं. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात भिंतीवर हलणारं पाण्याचं प्रतिबिंब आणि एक गुरगुर, बस एवढंच आहे.

मग 'सायको' (१९६०). शेवट माहीत असला तरी बघा. न्हाणीघरातला खून सगळ्यांना ठाऊक असतो, पण सिनेमाचं काळीज माझ्या मते त्याच्या आधीच्या प्रसंगात आहे: पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या खोलीत मॅरियन सँडविच खाते आणि नॉर्मन तिच्याशी बोलत बसतो तिथे. नॉर्मन झालेल्या अँथनी पर्किन्सचा चेहरा एका वाक्यात मऊ होतो, दुसऱ्यात दगड. बर्नार्ड हर्मनने संगीत फक्त तंतुवाद्यांवर केलं, म्हणून त्यात ऊबच नाही. सिनेमाची कमजोर जागा एकच, शेवटचं डॉक्टरांचं लांबलचक स्पष्टीकरण. ते कळतं, पण घाबरवत नाही.

तिसरा 'फ्रँकेन्स्टाइन' आणि लगेच दुसऱ्या रात्री 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५). दोन्ही जेम्स व्हेलचे, दोन्ही सव्वा तासाच्या आतबाहेर. पहिला दुसऱ्याची पूर्वतयारी आहे. दुसरा निर्विवाद श्रेष्ठ. आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीतला प्रसंग बघताना राक्षस झालेल्या बोरिस कार्लोफचे हात बघा. जॅक पियर्सने केलेल्या जाड रंगभूषेखालून तो हातांनीच बोलतो.

१९३१ चा 'ड्रॅक्युला' मी चौथ्या जागी ठेवतो आणि अर्धाच वाखाणतो. किल्ल्यातली पहिली वीसेक मिनिटं थक्क करणारी, नंतर लंडनच्या दिवाणखान्यात सगळं बसकण मारतं. त्याच सेटवर रात्रपाळीत स्पॅनिश भाषेतली दुसरी आवृत्ती चित्रित झाली. तिची लांबी १०४ मिनिटं, इंग्रजीची ७५. स्पॅनिशमध्ये कॅमेरा जास्त जिवंत आहे, पण लुगोसी नाही, आणि ती उणीव भरून निघत नाही. वेग आणि रक्त हवं असेल तर हॅमरचा.

आता खऱ्या मेजवानीकडे. 'द हाँटिंग' (१९६३) आणि 'द इनोसंट्स' एकाच आठवड्यात बघा. पहिल्याचा दिग्दर्शक रॉबर्ट वाइज ल्यूटनच्याच हाताखाली तयार झालेला, म्हणून त्यात भूत दिसतच नाही. दाराबाहेर काहीतरी ठोकत जातं आणि लाकडी दार आत फुगतं. कमी आवाजातच बघायचा असेल, तर हा सिनेमा बघूच नका म्हणेन मी. दुसरा, माझ्या दृष्टीने, इंग्रजीतला सर्वश्रेष्ठ भुताचा सिनेमा. सुरुवातीला पडदा बराच वेळ काळा राहतो आणि लहान मुलीच्या आवाजात गाणं ऐकू येतं. टीव्ही बिघडलेला नाही, थांबा. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसने रंगवलेली फिल्टर लावून चौकटीच्या कडा काळवंडल्या आहेत, त्यामुळे नजर सतत अंधारात चाचपडत राहते. तळ्यापलीकडे बोरूत उभी असलेली बाई मात्र भर दिवसा, लांब, स्तब्ध. फोनवर हा सिनेमा बघितला तर ती दिसणारही नाही.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' इथे घ्या. शेवट मन खचवणारा आहे, लहान मुलांना दाखवू नका. फ्रान्जूचा 'आइज विदाउट अ फेस' (१९६०) त्यानंतर. त्यातली शस्त्रक्रिया सलग आणि थंडपणे दाखवली आहे. रक्त बघवत नसेल तर तिथे उठून जाण्यात काही कमीपणा नाही, पुढचा सिनेमा अतिशय हळवा आहे. कोबायाशीचा 'क्वाइदान' (१९६४) १८३ मिनिटांचा, चार स्वतंत्र कथांचा. एका रात्री एकच कथा बघा. बर्फातल्या स्त्रीची कथा तुमच्या प्रतीत आहे ना, हे आधी तपासा. अमेरिकेत ती काढून टाकलेली प्रत दाखवली गेली होती.

एव्हाना डोळे तयार झालेले असतात. आता 'नोस्फेराटू', मग 'कॅलिगरी' आणि सर्वांत शेवटी 'व्हँपायर'. ड्रायरने तो बोलपट म्हणून काढला, पण बोलणं अगदी थोडं आहे. चित्र धुक्यातून बघितल्यासारखं, कोण कुठे गेलं याचा पत्ता लागत नाही. गोष्ट समजून घ्यायचा प्रयत्न केलात तर दमाल. झोप पूर्ण झालेल्या रात्री लावा. शवपेटीच्या काचेतून आभाळ सरकताना दिसतं तो प्रसंग माझ्यासाठी सगळ्या जुन्या भयपटांचं शिखर आहे.

मुंबईपर्यंत येणारी वाट

ही जर्मन सावली मालाडला पोचली, आणि तीही एका माणसाच्या हातून. म्यूनिकचा योझेफ विर्शिंग १९२० च्या दशकात पहिल्यांदा भारतात आला, पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा छायालेखक झाला आणि १९४९ चा कमाल अमरोहींचा 'महल' त्यानेच चित्रित केला. 'महल' पुरता भयपट नाही, पण पहिला अर्धा तास 'द इनोसंट्स'च्या पंगतीला बसेल असा आहे: हलणारं झुंबर, पाठमोरी बाई, पाण्यातली होडी. 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीच्या संथ ओळी जेमतेम ऐकू येतील इतक्या हळू सुरू होतात. वर सांगितलेली आवाजाची सेटिंग बरोबर झाली का, हे तपासायला याहून चांगली जागा नाही. पुण्यातल्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात जुन्या सिनेमांचे खेळ होतात. 'महल' किंवा एखादा जर्मन मूकपट तिथे मोठ्या पडद्यावर लागला तर घरचा बेत रद्द करून तिकडे जा.

मत बनवताना

सिनेमा संपल्यावर लगेच कुणाचं परीक्षण वाचू नका. आधी दहा मिनिटांत तीन गोष्टी कागदावर लिहा: सगळ्यात जास्त भीती नेमक्या कोणत्या चित्राला वाटली, त्या वेळी आवाज काय होता आणि काय दाखवलं नव्हतं. 'छान होता', 'संथ होता' असं लिहू नका. 'मागच्या टाचा थांबल्या तेव्हा' असं लिहा.

दुसऱ्या दिवशी तोच एक प्रसंग दोनदा बघा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. 'सायको'चा न्हाणीघराचा प्रसंग आवाजाविना बघितला की सुरी अंगात घुसताना जवळपास दिसतच नाही हे कळतं. संकलन आणि व्हायोलिनच्या किंचाळ्या मिळून तो घाव घालतात. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं आणि कृष्णधवलमध्ये ते चपखल बसलं. 'द हाँटिंग'चा दाराचा प्रसंग डोळे मिटून ऐका, मग उघडून बघा. कोणत्या वेळी जास्त घाबरलात ते लिहून ठेवा. माझ्याकडे उत्तर नेहमी 'मिटून' असंच येतं.

चारचौघांत बघणार असाल तर चारपेक्षा जास्त माणसं नकोत आणि आधी सगळ्यांना सांगा की बोलायचं ते संपल्यावर. एक जण हसला की बाकीचे हसतात. ते हसू बहुतेकदा अवघडलेपणाचं असतं आणि सिनेमा पुन्हा उभा राहत नाही. एखादा सिनेमा पहिल्या खेपेला पडलाच, तर सहा महिने थांबून पुन्हा लावा. मधल्या काळात त्याच दिग्दर्शकाचा दुसरा बघा. 'व्हँपायर' आवडला नाही, तर आधी ड्रायरचा 'पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८), तोही पंखा कमी करून आणि खुर्ची पुढे ओढून.